बाळाबाईची जागा

टिळकवाडी, बेळगाव
१४ जानेवारी २०२४

मालूआक्का,

हे पत्र कुणाचं ते आधीच सांगते, म्हणजे तुला शेवटच्या सहीपर्यंत थांबावं लागणार नाही. मी विनोदिनी नेसरीकर. निपाणीत तंबाखूच्या वखारीमागच्या गल्लीत जिची खोली होती, जिला तुम्ही सगळ्या ‘डोकं बघणारी बाई’ म्हणायचात, ती.

गेल्या आठवड्यात कॅम्पातल्या एका शाळेत पालकांपुढं बोलायला गेले होते. नोकरी संपून नऊ वर्षं झाली तरी अशी बोलावणी येतात. भाषणानंतर माधवी नावाची एक शिक्षिका भेटली. तिचं सासर सदलग्याचं. मी निपाणीचं नाव काढलं, तर म्हणाली, आमच्या गल्लीत एक आजी आहेत, मालुबाई खोत, त्या निपाणीच्या वखारीत कामाला होत्या. मी तिला दोनदा विचारलं. हनुवटीवर गोंदण आहे का, तेही विचारलं. पत्ता तिच्याकडूनच घेतला.

एकतीस वर्षं मी तुला शोधत होते असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिली दोन वर्षं शोधलं. त्यानंतर तू सापडशील याचीच भीती वाटायला लागली.

कारण हे. निपाणीच्या कामावर मी ‘वखारीतल्या बाया’ नावाचं पुस्तक लिहिलं होतं, तुला आठवत असेल. त्यातलं तिसरं प्रकरण ‘बाई म’ नावाच्या बाईवर आहे. ती तू. मी नाव काढलं, गाव बदललं. पण वखार, गोंदण, तुझ्या अंगात यायचं ते, तू खोलीत बसून मला सांगितलेलं सगळं, जसंच्या तसं ठेवलं. निपाणीतल्या कुणालाही पहिल्याच पानावर तू ओळखू आली असतीस. छापण्याआधी मी तुला विचारलं नाही. पुस्तक ब्याण्णवच्या दिवाळीत आलं आणि पुढच्या उन्हाळ्यात तू कुणाला न सांगता निपाणी सोडलीस.

आता कोल्हापूरचे एक प्रकाशक ते पुन्हा काढायचं म्हणतात. त्यांच्याकडं स्वराली म्हणून संपादक आहे, वयानं मला नातीसारखी. तिनं फोनवर सहज विचारलं, “तिसऱ्या प्रकरणातल्या बाईंची परवानगी होती ना?” मी ‘कळवते’ म्हणून फोन ठेवला. बाईचं शरीर आणि बाईचं बोलणं तिच्या मालकीचं असतं, हे मी चाळीस वर्षं व्यासपीठांवरून सांगत आले.

म्हणून आता विचारते. ते प्रकरण छापू का? नको म्हणालीस तर काढून टाकीन. हे पत्र तुला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल, त्यामुळं बाकीचं लिहीत नाही. फोन नंबर खाली दिला आहे.

तुझी,
विनोदिनी


सदलगा
२ फेब्रुवारी २०२४

बाई,

तुमचं पत्र मिळालं. फोन करू नका. मला कानानं कमी ऐकाय येतं, फोनवर तर निस्ता गोंगाट. पत्र लिवलं तर बरं.

मी लेकीकडं ऱ्हाती. गुडघं दुखत्यात. मालक जाऊन पंधरा वरसं झाली. लेकीचं घर चांगलं हाय, दोन म्हशी हायत, जावई साखर कारखान्यात. नातवंडं कन्नड शाळंत शिकली, माझ्यासंगट मराठी बोलत्यात.

पुस्तक छापायचं तर छापा, न्हायतर ऱ्हाऊ द्या. त्येचं मला काय न्हाय.

तुमी अजून वांगं खात न्हायसा काय?

मालू


टिळकवाडी, बेळगाव
११ फेब्रुवारी २०२४

मालूआक्का,

वांगं अजून खात नाही. हे तुझ्या लक्षात राहिलं याचं मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. तुझं पत्र ज्यानं लिहून दिलं त्याला माझा आशीर्वाद सांग. तुझी बोली त्यानं जशीच्या तशी उतरवली आहे. वाचताना आवाजच ऐकू आला.

‘त्येचं मला काय न्हाय’ हे मात्र मला पटत नाही. तू आत काही ठेवलं असलंस की असंच बोलायचीस.

माझं सांगते, म्हणजे तुझं सांगणं सोपं जाईल. मी चौतिसाव्या वर्षी निपाणीत आले तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. पुण्यात ज्यांच्या हाताखाली मानसशास्त्र शिकले ते सर म्हणायचे, बायकांचे झटके आणि घुमणं म्हणजे लक्ष वेधून घ्यायची धडपड असते. मला ते कधी मान्य झालं नाही. ज्या बाईचं घरात कुणी ऐकत नाही, कामावर कुणी ऐकत नाही, तिनं लक्ष वेधून घेतलं तर तो रोग कसा, असं मी भर वर्गात विचारलं होतं. माझे वडील अण्णा बेळगावचे वकील, त्यांची इच्छा मी इथल्या कॉलेजात शिकवावं ही. मी वखारीमागं खोली घेतली. पहिले तीन महिने कुणी फिरकलं नाही. पहिली आलीस ती तू, आणि तीही काही सांगायला नाही. ही बाई दिवसभर रिकामी बसून करते तरी काय, ते बघायला.

मग तूच एकेकीला घेऊन आलीस. पाच वर्षांत तीनशे बायका त्या खोलीत बसून गेल्या. गोळ्या कुणाला द्यायच्या, कुणाला नुसतं बोलू द्यायचं, कुणासाठी पोलिसात जायचं, हे मी ठरवत होते असं लोकांना वाटायचं. निम्म्या वेळा तू ठरवायचीस. “हिला काय झालं न्हाय बाई, हिला झोप पायजे,” असं म्हणून तू एकीला माझ्या खाटेवर निजवलं होतंस.

त्र्याण्णवमध्ये मी बेंगळूरला गेले. तिथं शिकवलं, आणि बायकांना वेडं ठरवून कोंडून ठेवणाऱ्यांच्या विरुद्ध कोर्टकचेऱ्या केल्या. हुक्केरीकडची एक बाई अकरा वर्षं वेड्यांच्या इस्पितळात होती. आजार काहीही नव्हता, भावांना तिच्या वाटणीची जमीन हवी होती. तिला बाहेर काढायला चार वर्षं लागली. माझ्या घरी आली, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, “चहा मी करते.” त्या दिवशी तुझी फार आठवण झाली. तुला सांगण्यासारखी गोष्ट होती आणि तू नव्हतीस. अशा किती गोष्टी साठल्या, आक्का.

दरवर्षी मी विद्यार्थ्यांना ‘बाई म’ शिकवायची. मुकादमाच्या जाचानं आणि नवऱ्याच्या मारानं तोंड बंद झालेल्या बाईचा राग देवीच्या नावानं बाहेर कसा येतो, ते. मुलं विचारायची, पुढं तिचं काय झालं? मी सांगायची, ती बरी झाली. मला काही माहीत नव्हतं.

माझी समजूत अशी आहे. पुस्तक कुणीतरी तुझ्या मालकांना, नागोजीभाऊंना वाचून दाखवलं, त्यांनी तुला मारलं, आणि तू लेकीकडं पळून गेलीस. खरं असेल तर खरं म्हण. एवढं कळलं की पुढं काही विचारणार नाही.

विनोदिनी


सदलगा
२० मार्च २०२४

बाई,

माझं पत्र कुणी लिवून दिलं न्हाय. मीच लिवलं. हेबी मीच लिवतीया, म्हणून इतकं दिस लागलं. रोज दुपारी चार वळी लिवती, मग बोटं आखडत्यात.

हितं लेकीकडं आल्यावर (मागनं मालकबी आले) पंचायतीत दुपारचा वर्ग हुता, तितं गेले. पैल्यांदा कन्नड अक्षरं शिकले, मग शिकवणाऱ्या बाईंच्या मागं लागून मराठी. लेक म्हणायची, ह्या वयात कशाला पायजे? मी सांगितलं न्हाय. तुमाला सांगते. मला तुमचं पुस्तक वाचायचं हुतं.

वखारीतला कारकून मला म्हणलेला, मालुबाई, तुमाला बाईंनी पुस्तकात घातलंय. म्हणून निपाणी सोडताना तुमच्या खोलीतनं येक पुस्तक उचलून आणलं. इचारलं न्हाय. तुमी न इचारता लिवलंसा, मी न इचारता उचललं. फिटंफाट झाली. त्येचं वझं आता ठेवू नका.

वाचाय दोन वरसं लागली. तिसरं परकरण तर कितीदा वाचलं. आमच्या मालकास्नी कुणी वाचून दाखवलं न्हाय आन् त्येनी मला त्यापायी मारलंबी न्हाय. जल्मात दोन डाव हात उचलला. दोनी टायमाला प्यालेला हुता आन् दुसऱ्या दिशी मान वर करत नव्हता. पुस्तकात रोज मारतोय. तेवढा त्येच्यावर अन्याव झाला. पर त्यो दोष तुमचा न्हाय, माझा हाय. मीच तसं सांगितलं.

का सांगितलं ते आता लिवते. न्हाय लिवलं तर माझ्यासंगट जाईल.

वखारीत माझ्या डाव्या अंगाला बाळाबाई बसायची. आमी येका गावच्या. पाटं उठून दोगी चालत निपाणीला यायचो, चालत जायाचो. बारा वरसं. रस्त्यानं ती बोलायची आन् मी ऐकायची. भाकरी तिची जाड असायची, माझी पातळ. मग निम्मी निम्मी. तंबाखूच्या धुळीनं डोळं पेटलं की ती माझ्या डोळ्यात फुकर घालायची, मी तिच्या. नवऱ्याला जे सांगितलं न्हाय, आईला सांगितलं न्हाय, ते तिला सांगितलेलं. माझं पैलं पोर गेलं तवा सगळी म्हणली, दुसरं हुईल. ती येकटी म्हणली न्हाय. निस्ती बसून ऱ्हायली.

तुमी यायच्या आदल्या वरसाला ती गेली. छातीचं दुखणं हुतं, खोकून खोकून गेली. तिच्या घरात रडारड झाली. सासू रडली, जावा रडल्या. मी पाणी भरत हुते. बाराव्याला पंगतीत वाढाय हुते. मला कुणी इचारलं न्हाय, तुजं कसं? का इचारतील? मी तिची कोण? भण न्हाय, भावजय न्हाय. तेराव्या दिशी वखारीत गेले तर मुकादमानं तिच्या जागेवर दुसरी बाई बशिवलेली. नवी पोर हुती, तिचा काय दोष. ती माझ्याकडं बघून हसली.

त्या दिशी मला पैल्यांदा अंगात आलं.

तुमी लिवलंय तेबी समदं खोटं न्हाय. मुकादम भ्यायचा त्येची मला मजा वाटायची. पर सुरवात ती न्हवं.

मग तुमी आलासा. कागूद पेन घेऊन बसलासा. नवऱ्याचं इचारलंसा, सासूचं इचारलंसा, मुकादमाचं इचारलंसा, ल्हानपणी कुणी काय केलं काय ते इचारलंसा. मैतरणीचं न्हाय इचारलं. मला वाटलं, शिकलेल्या बाई हायत, मैतरीण मेल्यानं माणूस असं करतंय ह्ये त्येंच्या पुस्तकात नसंल. सांगितलं तर हसतील. मग जे इचारलंसा त्येचंच सांगितलं. नवऱ्याचं बोलाय लागले की तुमचा हात भराभर चालायचा. ते बघून आनी जरा वाढवून सांगितलं. तुमाला बरं वाटावं म्हणून.

आता छापायचं का न्हाय ते तुमीच बगा.

मालू


सदलगा
९ मे २०२४

बाई,

तुमचं पत्र न्हाय. पोस्टमनला तीन डाव इचारलं. आता त्यो लांबनंच हात हालवतोय.

राग आला काय? मी ते लिवाय नको हुतं. एवडी शिकवलीसा मुलास्नी, आन् मी म्हाताऱ्या वयात तुमचं सगळं मोडलं. तब्येत बरी न्हाय काय? निस्तं कारड टाका. बरी हाय येवडंच लिवा.

मालू


टिळकवाडी, बेळगाव
१६ मे २०२४

मालूआक्का,

तब्येत बरी आहे. राग आला, पण तुझा नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी स्वरालीला फोन करून छपाई थांबवायला सांगितलं. मग जुन्या नोंदवह्यांची पेटी काढली. त्या वह्या मी बेंगळूरला नेल्या होत्या, परत आणल्या, पण उघडल्या नव्हत्या. सत्याऐंशी सालची पहिली वही. प्रत्येक पान वाचलं. दीड महिना गेला तो त्यात. वाचायला इतका वेळ लागत नाही, पण एका पानावर येऊन मी थांबले ती थांबलेच.

सहा ऑगस्ट सत्याऐंशी. आपली चौथी बैठक. माझ्याच हातानं लिहिलं आहे: ‘शेजारी बसणारी बाळाबाई नावाची बाई गेल्या वर्षी वारल्याचे सांगते. विषयांतर. पुन्हा पतीविषयी विचारले.’

तू सांगितलं होतंस, आक्का. सांगितलं नाहीस असं तुला आठवतं, पण तू सांगितलं होतंस. एकदा तिचं नाव घेतलंस आणि मी ‘विषयांतर’ लिहून पुढं गेले. माझ्यासमोर बसलेली बाई मला काय झालं ते सांगत होती आणि मी तिला माझ्या प्रश्नावर परत आणत होते. पुण्याच्या सरांपेक्षा मी वेगळी आहे असं मला वाटायचं. त्यांनी बायकांचं ऐकलं नाही, मी ऐकलं, पण मला ऐकायचं होतं तेवढंच.

बायकांच्या दुःखाला मी नेहमी कुठला तरी पुरुष शोधत आले. बहुतेक वेळा तो असायचा, म्हणून माझी चूक कळली नाही. एक बाई दुसऱ्या बाईसाठी इतकी तुटू शकते हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. ठाऊक होतं. तू गेल्यानंतर मी बेंगळूरच्या त्या घरात वर्षभर नीट झोपले नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात काही झालंय का? मी म्हणाले, नाही, कामाचा ताण आहे. मीही मैत्रिणीचं नाव घेतलं नाही. मानसशास्त्राची पदवी माझ्याकडं होती, आणि मला स्वतःचं सांगता आलं नाही. तू तर वखारीतली बाई होतीस.

एक विचारते. पुस्तकामुळं गेली नाहीस, नागोजीभाऊंमुळं गेली नाहीस. मग का गेलीस? हे मी या वेळी लिहून घेणार नाही. मला हवं आहे म्हणून विचारते.

विनोदिनी


सदलगा
१ जून २०२४

बाई,

तुमच्या वहीतलं वाचलं आन् लई येळ बसून ऱ्हायले. लेक म्हणली, आई काय झालं? म्हणलं, बाळाबाईचं नाव सदतीस वरसं कुठंतरी लिवलेलं हुतं. तिला काय समजलं न्हाय. तुमी रडत बसू नका. खोडलं तर न्हाईसा. माझ्या नातवंडास्नीबी ते नाव ठावं न्हवतं, तुमच्या वहीला ठावं हुतं.

का गेले ते इचारलंसा. सांगते.

तुमी बेंगळूरला जाणार ह्ये मला मीटिंगमधी कळलं. पन्नास बायांबरूबर. तुमी उभ्या ऱ्हाऊन सांगितलंसा, मोठी नोकरी हाय, आनी बायांचं काम करता येईल, हितली खोली मालूआक्का बगतील. सगळ्यांनी टाळ्या वाजिवल्या. मीबी वाजिवल्या.

संध्याकाळी मी तुमच्या खोलीवर आलते. दार उघडं हुतं. तुमी पाठमोऱ्या, पुस्तकं खोक्यात भरत हुतासा. मी उंबऱ्यापाशी उभी ऱ्हायले. जाऊ नका म्हणाय आलते. मग मनात आलं, कुठल्या नात्यानं म्हणू? नवरा चालला तर बायकू आडवी पडती. पोरगं चाललं तर आई रडती. मी कोण म्हणून थांबा म्हणू? बायांच्या भल्यासाठी चालल्यात, त्यात मी माझंच रडगाणं लावू? तसंच माघारी फिरले.

बाळाबाईच्या जागेवर दुसरी बसलेली मी बघितलीती. तुमच्या खोलीत दुसरं कुणी बसलेलं बघायचं माझ्यात बळ न्हवतं. तुमी जायच्या आधी मीच गेले. पुस्तक निघायच्या दिशी परत येऊन उचललं. खोक्याच्या बाजूला पडलेलं हुतं, तुमी भायेर पाणी आणाय गेलतासा.

मला तुमचा राग आलता. दोन चार वरसं हुता. मग निस्ती वाट बघाय लागले. कशाची ते ठावं न्हाय.

परकरणाचं म्हणाल तर छापा. जसं हाय तसं. पर त्येच्या म्होरं मी लिवलेलं पत्र छापा, बाळाबाईचं. ‘म’ नको, माझं नाव घाला, मालुबाई नागोजी खोत. तिचं पण घाला. मालक दोनच डाव मारलेत ते आठवणीनं छापा.

मालू


टिळकवाडी, बेळगाव
१२ जून २०२४

मालूआक्का,

तू म्हणतेस तसं ठरलं. आधी माझं प्रकरण, त्यातल्या चुकांसकट. मग तुझं पत्र, दोघींच्या पूर्ण नावांनिशी. शेवटी माझ्या वहीतली ती ओळ, तारखेसह, माझ्या नावानं. स्वराली विचारत होती, पत्रातलं शुद्धलेखन दुरुस्त करू का? मी म्हटलं, एका अक्षराला हात लावायचा नाही. ती म्हणाली, मॅडम, हे वाचून लोक तुमच्या बाकीच्या कामावरही शंका घेतील. घेऊ देत. घ्यायलाच हवी.

तू उंबऱ्याशी आलीस ते मला कळलं नाही. ती संध्याकाळ आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. खोकी आठवतात, सुतळी आठवते. तू आठवत नाहीस.

तू थांबा म्हणाली असतीस तर मी थांबले असते का? खोटं लिहून तुला बरं वाटवणार नाही. बहुधा नसते थांबले. माझं वय चाळीस होतं आणि मला फार मोठं काम करायचं होतं. पण ते ऐकून गेले असते तर दर महिन्याला परत आले असते. तू गेलीस तेव्हा निपाणीला परत यायला मला कारणच उरलं नाही, आणि ते तुला सांगायचं सुचलं नाही, कारण तुझ्यासारखंच मलाही त्याला नाव ठाऊक नव्हतं.

आता पत्रं पुरेत. मी एकाहत्तर वर्षांची आहे, तू चौऱ्याहत्तरची. येत्या चोवीस तारखेला मी सदलग्याला येते आहे. एकटीच येते, बसनं. चार दिवस राहीन. मी नको असेन तर कळव, पण कळवू नकोस.

विनोदिनी


सदलगा
५ जुलै २०२४

बाई,

तुमी पोचलासा ह्ये माधवीच्या फोनवरनं कळलं. बरं झालं.

चार दिस तुमी हुतासा तर घरात कसं वाटत हुतं ते लेकीला इचारा. जावई म्हणतोय, आत्ती इतकी बोलती ह्ये मला इतक्या वरसात ठावं न्हवतं. म्हशीला तुमी भ्यालासा ते नातवंडं अजून करून दाखिवत्यात. जाताना उशाखाली तुमचा चश्म्याचा डबा ऱ्हायला. पोस्टानं धाडत न्हाय. न्यायला या.

जे तोंडानं बोलता आलं न्हाय ते लिवते. आपण शेवटच्या दिशी निपाणीत वखारीकडं गेलो. तितं आता साड्यांचं दुकान हाय, मला ठावं हुतं, तरी मी तुमाला सांगितलं न्हवतं. आत गेल्यावर तुमी इचारलंसा, “बाळाबाई कुठं बसायच्या?” मी खांब मोजलं. तिसऱ्या खांबापशी, जितं गादीवर काठपदराच्या साड्या मांडल्यात, तितं. तुमी चपला काढलासा आन् गादीवर त्या जागेच्या शेजारी बसलासा. म्हंजे माझ्या जागेवर. दुकानाची मालकीण म्हणली, काय दाखवू? तुमी म्हणलासा, “काय नको. आमच्या एक बाई हितं कामाला होत्या, त्यांना भेटायला आलोय.” त्या मालकिणीनं आपल्याला पाणी दिलं, कोण, कवा, काय इचारलं न्हाय. चांगली बाई. मी त्या टायमाला काय बोलले न्हाय. मला वाटत हुतं, बोलले तर दुकानात परत अंगात यायचं.

मग स्टँडवर तुमाला बेळगावच्या गाडीत बशिवलं. तुमी खिडकीतनं म्हणलासा, गणपतीला येते. मी मान हालिवली. गाडी गेली. मी सदलग्याच्या गाडीसाठी बाकावर येऊन बसले आन् मला रडू आलं. आवरंना. स्टँड भरलेला, समदी बघाय लागली. बाळाबाई गेली तवा न्हाय रडले, मालक गेले तवा लोकांसारखी रडले, पर हे आनी वेगळं. तुमी तर जित्त्या हायसा, गणपतीला येणार हायसा, मग मी का रडतीया ते माझं मलाच कळंना.

शेजारी चिकोडीकडची येक बाई बसलीती, माझ्यापरास ल्हान, पिशवीत कोथमिरीच्या पेंड्या. तिनं इचारलं, “आत्ता गाडीत बसल्या त्या भण काय तुमच्या?”

म्हणलं, “न्हाय.”

“मग पावण्यातल्या?”

म्हणलं, “न्हाय. मैतरीण.”

जल्मात पैल्यांदा त्यो शबुद मी परक्या माणसाम्होरं म्हणला. मला वाटलं आता ही हसणार. ती हसली न्हाय. पिशवी उचलून मांडीवर घेतली, माझ्या जवळ सरकली आन् म्हणली, “मग रडा की आक्का. सदलग्याची गाडी यायला अजून लई येळ हाय.”

मग मी रडले. दोगींसाठी रडले. गाडी आली तवा उठले.

मालू